द्विध्रुवीय मनोविकार आणि औषधोपचार : लिथियमच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

प्रसंगानुरूप मनःस्थिती बदलणे हा मानवी स्वभावधर्म आहे. परंतु या चढउतारांचा प्रसंगाशी असलेला संबंध तुटतो आणि ते झोप, व्यवहार व विवेक यांचा ताबा घेतात, तेव्हा त्यांना आजाराचे स्वरूप प्राप्त होते. द्विध्रुवीय मनोविकारात उन्माद आणि अवसाद ही दोन टोके आढळतात. उन्मादात झोपेची गरज घटते, विचार धावू लागतात, उधळपट्टी होते. अवसादात उत्साह मावळतो व आत्महत्येचे विचार बळावतात. हा विकार बहुधा पौगंडावस्थेच्या अखेरीस वा विशीत, म्हणजेच महाविद्यालयीन वयात प्रकट होतो. म्हणून प्राध्यापकवर्गास त्याच्या औषधोपचाराचा परिचय असणे अगत्याचे ठरते.

लिथियमचा इतिहास :

ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादग्रस्त रुग्णांवरील लिथियम क्षारांच्या परिणामांविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेत मिठाला पर्याय म्हणून वापरलेल्या लिथियम क्लोराइडमुळे विषबाधा होऊन मृत्यू ओढवले व हे द्रव्य बदनाम झाले. पुढे डेन्मार्कमधील मोगेन्स शाऊ यांनी १९५४ पासून केलेल्या नियंत्रित अभ्यासांमुळे त्याची उपयुक्तता प्रस्थापित झाली आणि १९७० मध्ये अमेरिकेत उन्मादावरील औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली.

कार्य आणि मर्यादा :

उपचारक मात्रा व विषारी मात्रा यांतील अंतर अल्प असणे, ही लिथियमची मुख्य अडचण होय. दीर्घकालीन उपचारात रक्तातील प्रमाण सामान्यतः लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोल राखले जाते. तीव्र उन्मादात ते १.० पर्यंत नेले जाते. साधारणपणे १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. रक्ताचा नमुना शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी घेतात. मूत्रपिंड व थायरॉइड यांचीही नियमित तपासणी आवश्यक असते.

मूत्रपिंड लिथियमला बहुतांशी सोडियमप्रमाणेच वागवते. शरीरातील पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंड सोडियम राखून ठेवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही साचते. त्यामुळे निर्जळी उपवास, अळणी आहार, जुलाब-उलट्या वा कडक उन्हाळा या आपल्याकडील नित्याच्या गोष्टी अशा रुग्णासाठी धोकादायक ठरू शकतात. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकेही लिथियमची पातळी वाढवतात. हातांचा वाढता कंप, अडखळते बोलणे, तोल जाणे ही धोक्याची लक्षणे होत.

अन्य औषधे :

व्हॅल्प्रोएट उन्मादावर परिणामकारक आहे. मात्र गर्भातील व्यंगाच्या धोक्यामुळे गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांना ते देणे शक्यतो टाळले जाते. लॅमोट्रिजीन प्रामुख्याने अवसादाची पुनरावृत्ती रोखण्यास साहाय्यक ठरते. त्वचेवरील गंभीर पुरळाच्या शक्यतेमुळे त्याची मात्रा सावकाश वाढवावी लागते. ओलान्झापिन व क्वेटियापिन यांचाही उपयोग होतो, परंतु वजन व रक्तशर्करा यांवर लक्ष ठेवावे लागते. केवळ अवसादविरोधी औषध दिल्यास काही रुग्णांत उन्माद उद्भवू शकतो; म्हणून अवसादग्रस्त रुग्णास पूर्वी उन्मादाचे झटके आले होते काय, याची विचारपूस महत्त्वाची असते.

औषध सोडण्याचा प्रश्न :

बरे वाटू लागताच औषध बंद करणे, हा उपचारातील सर्वांत मोठा अडसर होय. त्यामागे दुष्परिणामांचा त्रास, विवाहाच्या वेळी आजार उघड होण्याची भीती आणि उन्मादातील उत्साह गमावल्याची खंत अशी कारणे असतात. लिथियम एकाएकी थांबविल्यास आजार, विशेषतः उन्माद, लवकर उलटण्याचा धोका असतो. सबब मात्रेतील बदल तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावा.

निष्कर्ष :

औषध हा या विकारावरील उपचाराचा पाया आहे. समुपदेशन, नियमित झोप व कुटुंबाची साथ त्यास पूरक होत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचार मिळणे हा हक्क मानला आहे. परंतु त्या हक्काचा लाभ घेण्यासाठी आजार प्रथम ओळखला जावा लागतो. अनेक रात्री जागणाऱ्या, अचानक बेफाम बोलू लागलेल्या किंवा वर्गातून दिसेनाशा झालेल्या विद्यार्थ्यास बेशिस्त अथवा आळशी ठरविण्यापूर्वी त्यास मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचविणे, हे शिक्षकाच्या हाती निश्चितच आहे.