गाजलेलं नाटक आवडलं नाही तर?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून ठेवतोय, बोललो तसाच.

मागच्या महिन्यात बाबा गावाहून आले होते. एकेकाळी जत्रेतल्या नाटकात काम केलेला माणूस! म्हटलं, यांना झकास काहीतरी दाखवू. एका प्रायोगिक नाटकाची सगळीकडे वाहवा चालली होती, पुरस्कारही मिळाले होते. बाल्कनीची दोन तिकिटं काढली. पहिल्या वीस मिनिटांत माझं लक्ष उडालं. शेवटी लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले, मीही उठलो. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "मला नाही बुवा कळलं. तुला आवडलं ना?" मी म्हटलं, "हो, मस्त होतं."

खोटं बोललो. का, ते शोधताना ‘वेटिंग फॉर गोदो’ची गोष्ट सापडली.

सॅम्युएल बेकेटचं हे नाटक १९५३ मध्ये पॅरिसला रंगमंचावर आलं. दोन माणसं गोदो नावाच्या कुणाची तरी वाट बघतात आणि तो येतच नाही. बस, एवढंच. १९५६ मध्ये ते अमेरिकेत मायामीला लागलं. जाहिरात केली होती धमाल विनोदी नाटक म्हणून. हसायला आलेले लोक वैतागले, बरेच जण मध्यंतरालाच घरी गेले. पुढच्याच वर्षी तेच नाटक कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात झालं. समोर सुमारे १४०० कैदी. ते खिळून बसले! वाट बघणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजवायची गरजच नव्हती.

म्हणजे बघा, संहिता तीच. बदललं काय? एक, आधी दिलेलं वचन. दोन, समोर बसलेला माणूस. समीक्षक ढीगभर नाटकं बघतो, त्यामुळे त्याला नवेपणाचं अप्रूप जास्त. आपण महिनोन्‌महिन्यांनी एखादं बघतो, आपल्याला गोष्टीत शिरायचं असतं. दोघंही खरं बोलत असतात.

तिसरी गोष्ट जागेची. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या छोट्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं व्हायची. नट हाकेच्या अंतरावर, त्याची पापणी हललेलीही दिसायची. तशा बेताचं नाटक मोठ्या थिएटरात नेलं की बाल्कनीपर्यंत काय पोचणार? आम्हाला कुजबुज ऐकू येत होती, शब्द नाही. बाबांना ‘कळलं नाही’ यातलं निम्मं तर ऐकूच आलं नव्हतं!

पण सगळा दोष प्रेक्षकाचा किंवा खुर्चीचा, असंही नाही हं. पुरस्कार मिळालेलं नाटकही कच्चं असू शकतं. मग ठरवायचं कसं? आमच्या कामात कुणी नुसतं ‘ॲप चालत नाही’ म्हटलं तर उपयोग नसतो. कुठलं बटण दाबलं, मग काय झालं, ते सांगावं लागतं. तसंच इथेही करून बघा. ‘बोअर झालं’वर थांबू नका. लक्ष नेमकं कुठे सुटलं? आधी काय वाटलं होतं? ऐकू येत होतं का? मी हे केलं तेव्हा लक्षात आलं की जागेचा दोष होताच, पण मुलीचं घर सोडून जाणं मला मुळातच पटलं नव्हतं. तिने तसं का करावं, हे नाटकाने कुठे दाखवलंच नव्हतं. हे माझं मत. चुकीचं असेल, पण उसनं नाही.

काल रात्री बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, ते नाटक मलाही नव्हतं आवडलं."

पलीकडे दोन क्षण शांतता. मग म्हणाले, "अरे, मग तेव्हाच सांगायचंस की! मला वाटलं, आता आपल्याला नाटकातलं काही कळेनासं झालं."

माझ्या एका ‘मस्त होतं’ने त्यांना महिनाभर तसं वाटत राहिलं. तुम्ही असं कुणाला बोलला असाल, तर आजच फोन करा. भेटू पुढच्या भागात!