परिचारिकेचा पेशा : नोंदणी, कायदा आणि जबाबदारी

बारावीचा निकाल लागला की सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या भागातील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगी हुशार आहे, पण डॉक्टरकीचा खर्च झेपणार नाही. मग नर्सिंगला घालावे काय? नेमक्या याच वेळी "सहा महिन्यांत नर्स व्हा, नोकरीची हमी" अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाईलवर दिसू लागतात. वडील कर्ज काढून किंवा आईच्या अंगावरचे दागिने मोडून फी भरतात. कोर्स संपतो, हातात एक रंगीत प्रमाणपत्र पडते. ते घेऊन सरकारी भरतीला किंवा आखाती देशातील नोकरीसाठी गेल्यावर पहिलाच प्रश्न येतो, "नोंदणी क्रमांक काय?" तो नसतो आणि मिळणारही नसतो. पैसे गेले, वर्षही गेले.

हे टाळायचे असेल तर हा पेशा कोणत्या कायद्याने चालतो हे मुलीने आणि तिच्या पालकांनी आधीच समजून घेतले पाहिजे.

मिरजेची जुनी परंपरा

आपल्या भागाला हा पेशा नवा नाही. डॉ. विल्यम वानलेस हे मिशनरी डॉक्टर १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत इस्पितळ उभे केले. १८९७ साली त्याच इस्पितळात परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. वानलेसवाडी हे नाव त्यांचेच. त्या काळी घरंदाज मुलीने परक्या रुग्णाची सेवा करणे समाजाला मान्य नव्हते. आज मिरजेला वैद्यकीय शिक्षणाचे गाव म्हणून ओळखतात, आणि कऱ्हाड, सांगली, सातारा येथेही नर्सिंग शिकण्याची सोय आहे. आपल्या समाजातही संकोच पूर्वी होता, अजून काही घरांत आहे. पण जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा यांचे नाव आपण आदराने घेतो, हे अशा वेळी आठवावे.

खरा कोर्स कोणता?

राज्यात नर्सिंगचे तीन मुख्य अभ्यासक्रम आहेत. एएनएम हा दोन वर्षांचा असून तो फक्त मुलींसाठी आहे. गावपातळीवरील उपकेंद्रात काम करणाऱ्या आरोग्यसेविकेसाठी हेच शिक्षण लागते. जीएनएम हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो मुलगे आणि मुली दोघांनाही खुला आहे आणि विज्ञान शाखा नसली तरी त्याला प्रवेश मिळू शकतो. बी. एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय लागतात आणि प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. आपल्या राज्यात ही पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून मिळते. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवी घेता येते.

याखेरीज 'नर्सिंग असिस्टंट', 'बेडसाइड असिस्टंट', 'पेशंट केअर' अशा नावांचे छोटे कोर्स असतात. ते सगळेच फसवे असतात असे नव्हे. त्यातून मदतनीसाचे काम मिळू शकते. पण ते केलेली व्यक्ती कायद्याने परिचारिका ठरत नाही आणि तिने स्वतःला तसे म्हणवून घेऊ नये.

नोंदणी म्हणजे काय?

परीक्षा पास होणे ही पहिली पायरी, नोंदणी ही दुसरी. दुसऱ्या पायरीशिवाय काम करता येत नाही. महाराष्ट्रात यासाठी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ हा कायदा आहे. त्याखालील महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल राज्याची नोंदवही ठेवते. देशपातळीवर शिक्षणाचा दर्जा एकसारखा राहावा म्हणून १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संमत केला. १९४७ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय आयोग, राज्य आयोग आणि दोन्ही पातळ्यांवर नोंदवही अशी रचना त्यात आखलेली आहे. रचना बदलली तरी मूळ सूत्र तेच राहते : नोंदवहीत नाव नसेल त्याला हा पेशा करता येत नाही.

नोंदणी एकदा केली की जन्मभर पुरते, असा समज बऱ्याच जणींचा असतो. तो चुकीचा आहे. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण घ्यावे, असे इंडियन नर्सिंग कौन्सिलचे धोरण आहे. लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर काही वर्षे घरी बसलेल्या भगिनींचे नूतनीकरण हमखास राहून जाते. पुन्हा नोकरी धरायची वेळ आली की मग धावपळ होते. नाव किंवा पत्ता बदलला तर तोही नोंदवहीत वेळेवर बदलून घ्यावा.

सीमाभागातील मुलींना आणखी एक काळजी घ्यावी लागते. सांगली, मिरज, जतकडील अनेक मुली जवळ पडते म्हणून कर्नाटकात शिकायला जातात. तिथे शिकून तिथली नोंदणी झाली, तरी महाराष्ट्रात काम करण्यासाठी इथल्या कौन्सिलकडे नोंदणी करून घ्यावी लागते. त्यासाठी तिकडच्या कौन्सिलचे ना-हरकत पत्र लागते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच कॉलेजचे नाव दोन्हीकडे तपासावे.

एका चुकीचे तीन दरवाजे

आता कामावरची जबाबदारी. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. त्यानंतर १९९८ साली स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल खटल्याचा निकाल लागला. दिल्लीच्या त्या रुग्णालयात एका लहान मुलाला परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन दिले. मुलाचे हृदय बंद पडले, मेंदूला कायमची इजा झाली. तिच्याकडे पात्रता नव्हती, हेही चौकशीत पुढे आले. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना त्यांच्या मनस्तापापोटी वेगळे पाच लाख रुपये देण्याचा राष्ट्रीय आयोगाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. पात्रता नसलेल्या हाताला काम देणारे रुग्णालय जबाबदारीतून सुटत नाही, हा त्याचा धडा.

चूक झाली तर तीन दरवाजे उघडतात. पहिला ग्राहक आयोगाचा, तिथे भरपाई मागितली जाते. दुसरा फौजदारी न्यायालयाचा. तिसरा कौन्सिलचा. गैरवर्तन सिद्ध झाले तर कौन्सिल नोंदवहीतून नाव काढू शकते आणि मग पेशाच बंद होतो.

फौजदारी बाजूला अलीकडे झालेला बदल फार थोड्यांना ठाऊक आहे. जुन्या दंड संहितेत हलगर्जीपणाने मृत्यू घडल्यास जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ मध्ये ही मर्यादा पाच वर्षे झाली. उपचार करताना हलगर्जीपणा झाला तर नोंदणीकृत डॉक्टरांसाठी मात्र ती दोन वर्षेच ठेवली. पण 'नोंदणीकृत डॉक्टर' या व्याख्येत वैद्यकीय पदवी घेऊन त्या नोंदवहीत नाव असलेलेच येतात. परिचारिकेचे नाव त्या व्याख्येत नाही. तेव्हा सावधपणाची गरज तिला डॉक्टरांपेक्षा जास्तच आहे.

रोजच्या कामाचे नियम

यातून वाचण्याचा मार्ग साधा आहे, पण तो रोज पाळावा लागतो. औषध देताना पाच गोष्टी पडताळायच्या : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितले तर ते लगेच लिहून काढावे, त्यांना परत वाचून दाखवावे आणि ते आल्यावर केसपेपरवर सही घ्यावी. आदेश चुकीचा वाटला तर विचारण्यात कमीपणा नाही. "डॉक्टरांनी सांगितले म्हणून दिले" हे उत्तर दर वेळी पुरत नाही.

नोंदी त्या त्या वेळी लिहाव्यात. ड्यूटी संपताना सगळ्या एकदम लिहू नयेत आणि नंतर खाडाखोड तर मुळीच करू नये. कागदावर जे नाही ते झालेच नाही, असे धरून चालावे. रुग्णाचा आजार, त्याच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत. वॉर्डातील फोटो मोबाईलवरून कोणाला पाठवू नयेत. धर्म, जात, ऐपत पाहून सेवेत फरक करू नये. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या आचारसंहितेचाही हाच गाभा आहे.

आपल्या अधिकाराबाहेरचे काम करू नये. गर्भपात किंवा गर्भलिंग निदान यांत बेकायदा मदत करणाऱ्यावरही कारवाई होते. मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे २०१७ साली ओढ्याकाठी पुरलेले स्त्रीभ्रूण सापडले तेव्हा सारा जिल्हा हादरला होता. मालक सांगतो म्हणून अशा कामाला हात लावणारी मुलगी स्वतःचे आयुष्य पणाला लावते.

हक्कही आहेत

परिचारिकेकडे फक्त कर्तव्येच आहेत असे नाही. २०१० च्या राज्य कायद्यानुसार वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि या संरक्षणात परिचारिकाही येतात. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्यात आहे.

पगाराचा प्रश्न मात्र बिकट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटा असतील तिथे सरकारी परिचारिकेइतका पगार, पन्नासपेक्षा कमी खाटा असतील तिथेही महिना किमान २० हजार. या शिफारशी आहेत. त्या आपोआप खिशात पडत नाहीत. पण पगाराची बोलणी करताना हा आकडा माहीत असावा. नेमणूकपत्र लेखी घ्यावे आणि मूळ प्रमाणपत्रे मालकाकडे ठेवायला देऊ नयेत, सत्यप्रती द्याव्यात.

आखाती देशात जायचे असेल तर

परदेशात जाण्यासाठी शिक्षण, अनुभव आणि नोंदणी या तिन्ही कागदांची थेट मूळ संस्थेकडून पडताळणी होते. शिवाय त्या देशाची परीक्षा द्यावी लागते आणि आपल्या कौन्सिलचे सद्वर्तनाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. खोटा अनुभव दाखला तिथे लगेच उघडा पडतो. फसवणुकीचे प्रकार वाढल्याने भारत सरकारने २०१५ साली सौदी, कुवेत आदी १८ देशांसाठी परिचारिकांची भरती सरकारी संस्थांकडे सोपवली. म्हणून ओळखीचा एजंट कितीही गोड बोलला तरी सरकारच्या ई-मायग्रेट यादीत त्याचे नाव आहे का आणि परिचारिका पाठवण्याची त्याला परवानगी आहे का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

पालकांनी विचारावयाचे प्रश्न

प्रवेशापूर्वी कॉलेजला पाच गोष्टी विचाराव्यात. हा कोर्स केल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते का? परीक्षा कोणते मंडळ किंवा विद्यापीठ घेते? प्रत्यक्ष कामाचा सराव किती खाटांच्या रुग्णालयात होतो? मागील वर्षी पास झालेल्यांना नोंदणी क्रमांक मिळाले का? गणवेश, डोक्यावरचा रुमाल, रात्रपाळी आणि वसतिगृह यांचे नियम काय? शेवटचा प्रश्न संकोचाने मागे ठेवू नये. आधी विचारले तर वाद होत नाही. तोंडी उत्तरावर न थांबता कॉलेजचे नाव कौन्सिलच्या यादीत स्वतः पाहावे.

इतके केले तर हा पेशा मुलीला भाकरी देतो, मानही देतो, आणि तिच्या हाताखाली असलेल्या रुग्णाचा जीवही सुरक्षित राहतो. फी भरण्याआधी अर्धा दिवस चौकशीत घालवावा, नंतरची वर्षे वाचतात.