नाक्यावरचं नभोनाट्य

चाकणच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून न्हावा-शेवा बंदराकडे गाडी सुटताना ड्रायव्हरच्या हातात बिल्टी, ई-वे बिल आणि वाटखर्चाची रोकड पडते. डिझेल आणि जेवण सोडून त्या रोकडीत अनेकदा आणखी एक आकडा असतो. त्याचं नाव ‘एंट्री’, म्हणजे वाटेतली चिरीमिरी. कुणी मागायच्या आधीच तो हिशेबात धरलेला असतो.

नाके कमी झाले, हे खरं. पिंपरी-चिंचवडची जकात १ एप्रिल २०१३ ला गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही (एलबीटी) पुढे ओसरला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याच्या सीमेवरचे विक्रीकर तपासणी नाकेही उठले. पण चिरीमिरी नाक्यावर जगत नाही, थांबलेल्या गाडीवर जगते. बंदराचं गेट ठरलेल्या वेळेला बंद होतं. जहाज चुकलं तर होणाऱ्या भुर्दंडापुढे खिशातली नोट स्वस्त वाटते.

यावर रेडिओवरचं नाटक हा उपाय भाबडा वाटेल. पण ज्या घडणीवर असं नाटक उभं राहू शकतं, तिची मोठी चाचणी आपल्याच भागात झाली आहे. पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाली. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीनं तिनं पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. मंडळी एकत्र ऐकायची, मग वाद घालायची. निमंत्रक चर्चा टिपून शंका केंद्राकडे पाठवायचा आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात तिचं उत्तर यायचं. टाटा समाजविज्ञान संस्थेनं पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली याची पाहणी केली आणि १९५९ पासून ही योजना देशभर गेली. माझ्या मते कार्यक्रमाइतकंच वजन त्यानंतरच्या वादाला होतं.

रवांडात २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुसेकेवेया’ या रेडिओ मालिकेचा अभ्यास एलिझाबेथ लेवी पलक यांनी केला. लोकांची मनातली मतं फारशी बदलली नव्हती. समाजात काय चालतं याचा त्यांचा अंदाज बदलला होता, चारचौघांत विरोधी बोलायची भीड कमी झाली होती. अभ्यास संपताना गावाला टेपरेकॉर्डर भेट मिळाला, तेव्हा इतर गावांत तो पुढाऱ्याकडे ठेवू असा सूर लागला. मालिका ऐकलेल्या गावांत मात्र तो सगळ्यांनी मिळून सांभाळावा यावर चर्चा झाली. लाच थांबवायला नेमकं हेच लागतं. ‘सगळेच देतात’ हा समज मोडल्याशिवाय एकटा ड्रायव्हर हात आखडत नाही.

पण निव्वळ माहितीच्या मर्यादाही पाहायला हव्यात. काँगो-रवांडा सीमेवर डोक्यावरून भाजीपाला नेणाऱ्या बायकांना दर आणि नियम शिकवले, तेव्हा लाच देणं घटलं खरं. पण एक कारण असं निघालं की त्या पहाटे, साहेब यायच्या आत, सीमा ओलांडू लागल्या. साहेब होते तसेच राहिले.

आपल्याकडच्या लेखकाला कायद्यानंच कथानक दिलं आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीनं द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच सुटका. साप्ताहिक श्रुतिकेला याहून चांगली मुदत कुठे मिळेल? एका भागात ड्रायव्हर नोट सरकवतो, हलक्या आवाजात ‘पावती?’ विचारतो आणि हसण्यावारी जातो. पुढच्या भागापर्यंत त्यानं लाचलुचपत विभागाचा १०६४ फिरवला का, की मालकानं ‘धंदा करायचाय ना?’ म्हणत गप्प केलं? भाषा मात्र महामार्गाचीच हवी, निम्मी मराठी आणि निम्मी हिंदी. मराठवाड्याचा आणि बिहारचा ड्रायव्हर एकाच ढाब्यावर जेवतात.

तरी श्रोता मंडळ ढाब्यावर बसवू नये, असं मला वाटतं. ड्रायव्हरला सगळं ठाऊक असतं. ते बसवावं डिस्पॅच विभागात: गाडी उशिरा सोडून ‘कसंही करून पोचव’ म्हणणारा सुपरवायझर, वाटखर्चात तो आकडा लिहिणारा कारकून आणि त्यावर सही करणारा मॅनेजर यांचं, एकाच टेबलाशी.