अंगणातील जुन्या द्राक्षवेलीचे पुनरुज्जीवन

परसात, विहिरीच्या काठी किंवा अंगणातील मांडवावर २०-२५ वर्षांपूर्वी लावलेली द्राक्षवेल आजही अनेक घरी आढळते. प्रारंभीची काही वर्षे ती घडांनी लगडते. पुढे छाटणी थांबते, वेल छपरावर व शेजारच्या झाडांवर चढते, पाने उदंड येतात आणि घड मात्र दिसेनासे होतात. मग वेल म्हातारी झाली असे समजून ती खोदून काढली जाते. हा निर्णय बहुधा घाईचा ठरतो. द्राक्षवेल दीर्घायुषी असून योग्य निगा राखल्यास अनेक दशके फळ देते. अशा वेलीच्या वांझपणाचे मुख्य कारण तिचे वय नसून तिने स्वतःवरच धरलेली सावली हे असते.

घड केव्हा तयार होतो?

द्राक्षाचा घड मागील हंगामातील काडीच्या डोळ्यांतून निघणाऱ्या फुटीवर येतो. त्याची सूक्ष्म निर्मिती मात्र काडी कोवळी असतानाच, कित्येक महिने आधी, डोळ्याच्या आत होते. महाराष्ट्रातील एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांचा काळ यासाठी निर्णायक असतो. या काळात काडीला पुरेसे ऊन मिळाले नाही, तर डोळ्यात घडाऐवजी बाळी किंवा नुसती पाने घडतात. म्हणून दाट वेलीला केवळ खतपाणी वाढवून फळ येत नाही. त्याने सावली अधिकच वाढते.

छाटणीपूर्वीची पाहणी

खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसल्यास तो भाग जिवंत आहे. त्यानंतर वेल स्वमुळावरची आहे की खुंटावर कलम केलेली, हे पाहावे. स्वमुळावरील वेलीच्या बुडखातून निघालेला जोमदार फुटवा जीर्ण खोडाच्या जागी नवे खोड म्हणून वाढविता येतो. कलमी वेलीत मात्र जोडाच्या खालून येणारे फुटवे डॉगरिजसारख्या खुंटाचे असतात. त्यांवर मूळ जातीची द्राक्षे येत नाहीत. ते वेळीच काढावेत. मूळ जात मरून केवळ खुंटच उरला असेल, तर त्यावर हव्या त्या जातीचे पाचर कलम करता येते.

प्रदेशानुसार वेळ

महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणात वेल हिवाळ्यातही पूर्ण विश्रांती घेत नाही. येथे जुन्या वेलीची भारी छाटणी खरड छाटणीच्या वेळीच, म्हणजे एप्रिलच्या सुमारास करावी. पंजाब, हरियाणा व दिल्ली परिसरात थंडीमुळे पानगळ होते. तेथे जानेवारीत, डोळे फुगण्यापूर्वी छाटणी उरकावी. उशीर झाल्यास कापांतून पाणी पाझरते. त्याने वेल मरत नाही, परंतु हे टाळणे बरे. भर पावसाळ्यात मोठे काप कोठेही घेऊ नयेत.

दोन टप्प्यांत छाटणी

सर्व विस्तार एकदम तोडल्यास मोठ्या मुळांच्या जोरावर रानटी फुटव्यांची गर्दी होते आणि उघडे पडलेले खोड उन्हाने भाजते. पहिल्या वर्षी वाळलेले लाकूड, एकमेकांवर चढलेल्या फांद्या आणि सुमारे निम्मे जुने ओलांडे काढावेत. खोडाजवळ एक-दोन डोळ्यांचे खुंट राखावेत. जुन्या लाकडातील सुप्त डोळे फुटतात. त्या फुटींवर पहिल्या हंगामात घड सहसा येत नाहीत, परंतु पुढील ओलांडे त्यांतूनच घडतात. दुसऱ्या वर्षी उरलेले जुने ओलांडे काढून नव्यांना त्यांची जागा द्यावी.

नव्या फुटी साधारण अर्ध्या वितीच्या अंतरावर राखून बाकीच्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात. काड्या मांडवाला बांधून पसरवाव्यात. दुपारी मांडवाखाली उन्हाचे कवडसे दिसणे, ही विरळणी योग्य झाल्याची सोपी खूण होय.

फळछाटणी दक्षिणेत ऑक्टोबरच्या सुमारास, तर उत्तरेत पुढील जानेवारीत येते. बंगलोर ब्ल्यू व पर्लेट यांच्या काड्या ३-४ डोळ्यांवर छाटल्या तरी चालतात. थॉमसन सीडलेसचे फलदायी डोळे काडीवर वरच्या बाजूस असल्याने तिची काडी अधिक लांब ठेवावी लागते; ती आखूड कापणे हे घरगुती वेलींना फळ न येण्याचे दुसरे मोठे कारण आहे. पहिल्या बहारात प्रत्येक काडीवर एकच घड राखावा.

जखमा व रोगकिडी

मोठ्या कापांवर बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम चुना प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात निरनिराळे भिजवून एकत्र करावा. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे असावे. मिश्रणात बुडविलेल्या लोखंडी खिळ्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुना घालावा. खोडावरील सैल साल हाताने काढावी, कारण पिठ्या ढेकूण तिच्याखाली दडतो. काढलेली साल व छाटलेले लाकूड मांडवाजवळ न साठविता नष्ट करावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी याला आणखी एक बाजू आहे. द्राक्ष पट्ट्यातील दुर्लक्षित घरगुती वेल भुरी, केवडा आणि पिठ्या ढेकूण यांचे वर्षभराचे आश्रयस्थान बनते व त्याचा उपद्रव शेजारच्या बागांना होतो. म्हणून गावभेटीत अशा वेलींची नोंद घेऊन मालकाला दोन वर्षांचे वेळापत्रक समजावून द्यावे. पहिल्या वर्षी फळ मिळणार नाही, हे आरंभीच स्पष्ट सांगावे. त्याची कल्पना नसलेला माणूस निराश होऊन पुन्हा छाटणी सोडतो, आणि वेल पुन्हा आपल्याच सावलीत जाते.