पिकावरील रोगाचें छायाचित्र कसें घ्यावें

मिरचीच्या शेंड्याचीं पानें चुरडलीं, म्हणजे शेतकरी त्यास 'बोकड्या' हें एकच नांव देतो. परंतु त्याचीं कारणें निरनिराळीं असतात. फुलकिड्यांनीं रस शोषला असतां पानाच्या कडा वर वळून त्यास होडीसारखा आकार येतो. कोळी कीड असल्यास त्याच कडा खालीं मुडपतात. पांढऱ्या माशीनें पसरणारा विषाणु हें तिसरें कारण. फुलकिड्यांवरील औषध कोळ्यास बहुधा लागू पडत नाहीं, व विषाणूनें ग्रासलेलें झाड तर कोणत्याच फवारणीनें बरें होत नाहीं. सबब छायाचित्र पाठवून कोळदे येथील कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावयाचा असेल, तर पान कोणीकडे वळलें आहे एवढें तरी त्यांत स्पष्ट दिसलें पाहिजे. पुष्कळ चित्रांत नेमकें तेंच दिसत नाहीं, आणि दोष मात्र कॅमेऱ्याच्या स्वस्तपणास दिला जातो.

आमच्या मतें घरांत पडून असलेला साधा डिजिटल कॅमेरा या कामास पुरेसा आहे. प्रथम भिंग मऊ, स्वच्छ सुती कापडानें पुसावें. फवारणीचे तुषार व धूळ त्यावर बसलेली असते. असा कॅमेरा एरव्हीं ३० ते ५० सेंटीमीटरहून जवळची वस्तु स्पष्ट दाखवूं शकत नाहीं. त्याकरितां फुलाचें चिन्ह असलेली कळ दाबावी, म्हणजे पान अगदीं जवळून घेतां येतें. झूम मात्र वापरूं नये. आपणच पुढें सरकावें.

चित्र घेण्याची कळ एकदम दाबणें ही सर्वांत मोठी चूक होय. ती अर्धी दाबून थांबावें. कॅमेरा अंतर जुळवितो व पडद्यावर बहुधा हिरवी चौकट दिसते. मग पूर्ण दाबावी. पान लहान असल्यास कॅमेरा त्यास सोडून मागील मातीवर अंतर जुळवितो. अशा वेळीं पानाच्या लगत मागें आपला तळहात धरावा. अडचण दूर होते, आणि पानाचा आकार किती हेंही पाहणारास कळतें. कोंपर छातीशीं टेंकवावें. वारा असल्यास जमिनींत काठी रोवून तीस कपड्याच्या चिमट्यानें फांदी अडकवावी.

दुपारच्या उन्हांत मिरचीचें तुकतुकीत पान पांढरें पडतें व त्यावरील खुणा नाहींशा होतात. सकाळची वेळ उत्तम. ती न साधल्यास काळ्या छत्रीची सावली करावी. रंगीत छत्री घेऊं नये, तिचा रंग पानावर उतरतो. जवळून घेतांना फ्लॅश बंद ठेवावा.

पान वरून टिपल्यास त्याची वळण्याची दिशा समजत नाहीं, म्हणून कॅमेरा पानाच्या पातळींत आणून बाजूनें एक चित्र घ्यावें, व पान उलटून दुसरें घ्यावें, कारण कीड बहुधा खालच्या अंगास असते. शिवाय सबंध झाडाचें एक व शेताचें एक असावें. रोग बांधाकडून आंत सरकत आहे कीं सर्वत्र विखुरला आहे, हें त्यावरून ताडतां येतें. शहाद्याकडील पपईवाल्यांनीं केवळ पिवळें पान पाठवूं नये. वलयांकित ठिपक्यांच्या विषाणुरोगाची ओळख फळावरील वर्तुळें आणि देंठावरील गर्द हिरव्या, तेलकट रेषा यांवरून पटते. तेव्हां फळ व देंठ हीं दोन्ही टिपलीं पाहिजेत. हा रोग मावा किडीमुळें पसरतो व त्यावर उपाय नाहीं, म्हणून झाड उपटावयाचें कीं राखावयाचें हा निर्णय बहुतांशीं त्या चित्रावर अवलंबून राहतो.

व्हॉट्सॲपवरून चित्र नेहमींप्रमाणें धाडल्यास तें आक्रसतें व बारीक खुणा पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून धाडल्यास मूळ चित्र जसेंच्या तसें पोहोंचतें. सोबत गांव, वाण, लागवडीची तारीख व शेवटची फवारणी कोणत्या औषधाची व केव्हां केली, हें अवश्य लिहावें.