झेरॉक्सच्या धंद्यातल्या घडामोडी आणि आपला बांबू

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीनं लेक्समार्क ही प्रिंटर बनवणारी कंपनी ताब्यात घेतली. सौदा दीड अब्ज डॉलरचा. चंद्रपूर-गडचिरोलीत या बातमीची चर्चा व्हावी असं वरवर पाहता तिच्यात काही नाही. पण ही यंत्रं कागदावर चालतात, आणि तो कागद बनवणाऱ्या देशातल्या जुन्या, मोठ्या मिलपैकी एक बल्लारपूरला आहे. त्या मिलसाठी कित्येक दशकं इथल्याच जंगलातून बांबू गेला. आज अनेक गावांत त्या बांबूची मालकी ग्रामसभेकडे आहे. म्हणून यंत्रं कोण बनवतं, कागद कोण विकतं आणि त्यांच्यातलं कोण कर्जात बुडालं, याची माहिती धानोरा-कोरचीच्या ग्रामसभांना असायलाच हवी, असं मला वाटतं.

यंत्रवाले एकत्र का येताहेत

झेरॉक्स-लेक्समार्क हा एकटा सौदा नाही. सॅमसंगचा प्रिंटरचा व्यवसाय २०१७ मध्येच एचपीनं घेतला होता. जुलै २०२४ मध्ये जपानच्या रिको आणि तोशिबा टेक यांनी यंत्रांची रचना आणि उत्पादन एकत्र करण्यासाठी एट्रिया ही कंपनी सुरू केली. फुजीफिल्म आणि कोनिका मिनोल्टा यांनी सुटे भाग आणि कच्चा माल मिळून खरेदी करायचं ठरवलं. काल-परवापर्यंत एकमेकांचे ग्राहक ओढणाऱ्या या कंपन्या आज कारखाना आणि खरेदी वाटून घेताहेत.

कारण सरळ आहे. या धंद्यात खरा पैसा यंत्राच्या विक्रीत नसून टोनर, ड्रम आणि देखभालीच्या करारात असतो. म्हणजे कमाई छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पानावर. अमेरिका-युरोपातल्या कार्यालयांत सह्या संगणकावर होऊ लागल्या, कोविडनंतर माणसं घरून काम करू लागली आणि पानं घटली. पानं घटली की टोनरचा खप घटतो. मग कारखाने मिटवणं, माणसं कमी करणं आणि प्रतिस्पर्ध्याला विकत घेणं एवढेच मार्ग उरतात. झेरॉक्सनं जानेवारी २०२४ मध्ये १५ टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं होतं.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. भारतात लिहिण्या-छापण्याच्या कागदात कॉपियर कागदाचा वाटा गेल्या दोन दशकांत वाढत गेला. वनहक्काचा एक दावा घ्या. तो ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो, आणि प्रत्येक ठिकाणी पुराव्यांच्या प्रती लागतात. जात पडताळणी, शिष्यवृत्ती, सातबारा, भरतीचे अर्ज यांचंही तेच. तहसील कार्यालयासमोरचं झेरॉक्सचं दुकान एटापल्लीत किंवा अहेरीत अजून चांगलं चालतं ते यामुळेच.

बल्लारपूरलाच मिल का

लाला करमचंद थापर यांनी १९४५ मध्ये बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स ही कंपनी स्थापन केली. १९७५ मध्ये तिचं नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज झालं, आणि 'बिल्ट' या आद्याक्षरांनी ती देशभर ओळखली गेली. जागेची निवड अचूक होती. वर्धा नदीचं पाणी, गावालगतचा कोळसा, दिल्ली-मद्रास लोहमार्ग आणि पूर्वेला पसरलेलं बांबूचं जंगल, हे सगळं एका ठिकाणी मिळणाऱ्या जागा देशात फार नव्हत्या. त्या काळी गडचिरोली वेगळा जिल्हाही नव्हता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो चंद्रपूरमधून निघाला. पुढे चामोर्शी तालुक्यात आष्टीलाही कंपनीनं कारखाना चालवला.

इथले दोन बांबू महत्त्वाचे. मानवेल भरीव आणि सरळ, कटांग जाड आणि काटेरी. बांबूचा तंतू साधारण दोन मिलिमीटर लांब असतो. निलगिरीचा तंतू एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून आखूड. लांब तंतूमुळे कागद फाटत नाही, आखूड तंतूमुळे पृष्ठभाग गुळगुळीत होतो, म्हणून मिलवाले दोन्हींचं मिश्रण करतात. बांबूची एक अडचणही आहे. त्यात वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, जास्त असतो. लगदा शिजवल्यावर उरणारा काळा द्रव बॉयलरमध्ये जाळून त्यातली रसायनं परत मिळवतात, आणि तिथे ही सिलिका त्रास देते. शिवाय बांबू फुलोऱ्यावर आला की मोठ्या पट्ट्यातली बेटं एकदम वाळतात. अशा कारणांनी, आणि जंगलातून मिळणारा बांबू कमी होत गेल्यानं, मिल हळूहळू शेतकऱ्यांकडच्या निलगिरी-सुबाभळीकडे वळल्या.

कॉपियरचा कागद वेगळा असतो

वहीचा कागद कॉपियरमध्ये घातला तर तो अडकतो, हे दुकानदाराला माहीत असतं. कॉपियरमध्ये टोनरची भुकटी विजेच्या भारानं कागदावर बसते आणि पुढे तापलेल्या रुळांखाली वितळून चिकटते. रुळांचं तापमान दोनशे अंशांच्या आसपास जातं. कागदात ओल जास्त असेल तर तो तिथे वाकतो आणि अडकतो. ओल फारच कमी असेल तर पानावर विजेचा भार साचून दोन पानं एकत्र ओढली जातात. त्यामुळे मिल ओल चार-पाच टक्क्यांच्या आसपास राखते आणि रीम मेणाच्या किंवा प्लास्टिकच्या आवरणात बंद करते.

वजनाचा हिशोब सोपा आहे. ए-फोर आकाराची सोळा पानं म्हणजे एक चौरस मीटर. ७५ जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं, एक पान सुमारे ४.७ ग्रॅमचं, ५०० पानांचं रीम सुमारे २.३४ किलोचं. एका टनात असे साधारण ४२७ रीम बसतात.

भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरची वाहतूक थांबते, तेव्हा दुकानदाराला पावसाळ्याआधीच माल भरून ठेवावा लागतो. आवरण फोडलेलं रीम पावसाळी हवेत चार दिवस राहिलं की पानं कडेला लहरी होतात. कोरड्या कपाटात ठेवा आणि एका वेळी एकच रीम उघडा, एवढं सांगितलं तरी यंत्राच्या दुरुस्तीचा निम्मा त्रास वाचतो. या गोष्टी यंत्र विकणाऱ्यानंच सांगायला हव्यात, पण सांगितल्या जात नाहीत.

कर्ज, आयात आणि दिवाळखोरी

२००७ मध्ये बिल्टनं मलेशियातली सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज घेतली. किंमत सुमारे २६ कोटी डॉलर. तिथलं जंगल आणि लगद्याचा कारखाना हाताशी आला की देशातली लाकूडटंचाई भरून निघेल, अशी कल्पना होती. तसं झालं नाही आणि कर्ज वाढत गेलं. त्याच काळात आसियान देशांतून येणाऱ्या कागदावरचं आयातशुल्क मुक्त व्यापार करारानुसार शून्यावर आलं, आणि इंडोनेशियाचा स्वस्त कॉपियर कागद बाजारात उतरला. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं इंडोनेशिया, थायलंड आणि सिंगापूरच्या अशा कागदावर डंपिंगविरोधी शुल्क लावलं, पण तोवर बिल्टचं कंबरडं मोडलं होतं. तेलंगणातला कमलापुरमचा लगद्याचा कारखाना २०१४ मध्येच थांबला होता.

जानेवारी २०२० मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीज दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठानं फिनक्वेस्ट या वित्तसंस्थेची योजना मंजूर केली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण जिल्ह्यात तिच्याबद्दल गोंधळ आहे. बल्लारपूर आणि भिगवणच्या मिल बिल्ट ग्राफिक पेपर प्रॉडक्ट्स या वेगळ्या कंपनीत होत्या. म्हणून मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली तरी 'बल्लारपूरची मिल बुडाली' असं म्हणणं बरोबर नव्हतं.

बल्लारपूरहून रेल्वेनं दक्षिणेकडे गेलं की सिरपूर कागजनगर लागतं. निजामाच्या काळात उभी राहिलेली तिथली मिल २०१४ मध्ये बंद पडली आणि चार वर्षं हजारो घरांची चूल अडखळली. २०१८ मध्ये जेके पेपरनं दिवाळखोरी कायद्यातून ती घेतली आणि पुन्हा सुरू केली. मार्च २०२५ च्या अखेरीस आयटीसीनं उत्तराखंडमधल्या लालकुआँचा सेंच्युरी पल्प अँड पेपर हा कारखाना सुमारे ३,५०० कोटी रुपयांना घेण्याचं जाहीर केलं. याच आयटीसीची गोदावरीकाठी भद्राचलमजवळ मोठी मिल आहे. थोडक्यात, आपल्या भागातून लाकूड-बांबू जाऊ शकेल अशा मिलचे मालक आता मोजकेच उरले आहेत.

बांबू कुणाचा

पूर्वी कागद कारखान्यांना सरकार करारानं बांबू द्यायचं, आणि तो अगदी कमी दरात. कर्नाटकातल्या दांडेलीच्या मिलला टनामागे दीड रुपयानं बांबू मिळत असल्याचं परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी दाखवून दिलं. टोपल्या विणणाऱ्या बुरडाला बाजारात त्याच बांबूसाठी त्याच्या शेकडो पट पैसे मोजावे लागत. आपल्याकडेही बुरूड कुटुंबं निस्तार डेपोवर, म्हणजे गावकऱ्यांच्या गरजेसाठीच्या वनखात्याच्या डेपोवर, बांबूची वाट बघत बसत आणि ट्रक मिलकडे जात. हा अन्याय होता, आणि तो कायदेशीर करारांनी झाला.

तो पहिल्यांदा रोखला धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं. मिलच्या ठेकेदारांची तोड जंगलाला मारक आहे, असं सांगून देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी ती थांबवली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूचा गौण वनोपजात स्पष्ट समावेश केला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वनखातं वाहतूक परवान्याचं पुस्तक देईना. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. गावानं स्वतःचा बांबू स्वतःच्या परवान्यावर विकण्याची देशातली ही सुरुवात.

आज गडचिरोलीत अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. कोरचीत तर ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभारली आहे.

दुकानदाराचा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून कॉपियर कागदावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. वह्यांसाठीचा कागद मात्र करमुक्त झाला. करापूर्वी २४० रुपयांचं रीम धरलं तर पूर्वी ते २६८ रुपये ८० पैशांना पडत होतं, आता २८३ रुपये २० पैशांना. म्हणजे पानामागे जवळपास तीन पैसे जास्त. नोंदणी नसलेल्या लहान दुकानदाराला या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे हा भार शेवटी दावा घेऊन आलेल्या माणसावरच पडतो. वनहक्काच्या दाव्यांच्या प्रती सरकारनं आपल्या खर्चानं काढून द्याव्यात. या कराचा बोजा दावेदारांवर टाकणं मला पटत नाही.

ग्रामसभांनी आता काय करावं

खरेदीदार कमी झाले की भाव तेच ठरवतात. म्हणून बांबूचा लिलाव एकाच मिलकडे बघून करू नये. लांब बांबू आणि मिलसाठीचे बंडल वेगळे लावावेत. लांब बांबूला मंडप, शेती, फर्निचर आणि अगरबत्तीची गिऱ्हाइकं आहेत आणि ती बहुधा बरा भाव देतात. शेजारच्या ग्रामसभांनी एकाच दिवशी, एकत्र लिलाव ठेवावा. रक्कम जमा झाल्याशिवाय डेपोवरून गाडी सुटू देऊ नये. ज्या कंपनीला माल देणार तिची मूळ कंपनी, उपकंपनी आणि कर्जाची स्थिती कंपनी निबंधकाच्या नोंदींत बघता येते. ते काम गावातल्या शिकलेल्या पोरांकडे सोपवावं आणि त्या नोंदींची एक झेरॉक्स ग्रामसभेच्या दप्तरात लावावी. बिल्ट दिवाळखोरीत गेली तेव्हा माल पुरवणाऱ्यांचा नंबर बँकांच्या मागे लागला, कारण कायद्यात तोच क्रम आहे.