जांभ्यातलं लोखंड

भोर-वेल्ह्याकडून मांढरदेवी-वाईमार्गे महाबळेश्वरी गेलात, तर तिथला तांबडा जांभा जरूर न्याहाळा. हा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. धावड समाजातले कारागीर हा लोहयुक्त दगड लोणारी कोळशाबरोबर मातीच्या भट्टीत घालून भाता चालवत. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दगडातला ऑक्सिजन ओढून घेई. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. एवढी उष्णता इथे नसे. म्हणून रस वाहण्याऐवजी मळी मिसळलेला सच्छिद्र गोळा हाती येई. तो पुन्हा तापवून, घणाने ठोकून मळी काढावी लागे. खरं कसब इथेच! एकोणिसाव्या शतकात जंगलावरचे निर्बंध, महागलेला कोळसा आणि स्वस्त विलायती लोखंड यांनी या भट्ट्या विझवल्या. अमेरिकेत सॉगसचा १६४६च्या सुमारासचा कोळशावरचा लोखंड कारखाना पुन्हा उभारून लोकांना दाखवतात. धावडांचीही एक भट्टी सह्याद्रीत अशी उभी राहायला हवी.